चुलीपुढची भुई

यंदा आमच्या गटांकडे कर्जासाठी जे अर्ज आले, त्यात स्वयंपाकघराच्या फरशीचे अर्ज बरेच होते. भिंती होतात, छत होतं, दार बसतं आणि फरशीच्या वेळेला हात रिकामा होतो. घरकुलाचंच बघा. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण सुरू झाली तेव्हा सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. एवढ्यात फरशी शेवटाला राहते. मग बाई गटाकडे येते आणि विचारते, कोणती घालू? दुकानदार एक सांगतो, गवंडी दुसरंच. आम्ही म्हटलं, आपल्या आधीच्या बायकांच्या पायाखाली काय काय होतं, ते तरी आधी बघू.

सगळ्यात जुनी ती मातीची भुई. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची घरं निघाली, चोपलेल्या मातीच्या जमिनी निघाल्या आणि त्यांच्यासोबत चुली. म्हणजे चूल आणि चोपलेली भुई ही जोडी आपल्याकडे फार जुनी.

ही भुई करायची कशी, हे आपल्यातल्या साठीच्या पुढच्या बायकांना हातानं ठाऊक आहे. मुरूम-माती पसरायची, पाणी मारून मुरवायची, धुम्मसानं ठोकायची. ठोकायचं काम बहुतेक गडीमाणसांचं, तेही एकदाच. त्यानंतर जन्मभर सारवायचं काम बाईचं. शेण आणायचं, कालवायचं, उकिडवं बसून मागं मागं सरकत हात फिरवायचा. बोटांच्या अर्धगोल रेषा उमटायच्या, त्या सारख्या आल्या नाहीत तर सासू बोलायची. आठवड्यातून एकदा तरी, सणावाराला वेगळं, पाहुणे येणार असले की आणखी वेगळं. आता शहरातून येणारी मंडळी सारवलेल्या जमिनीचं फार कौतुक करतात. उन्हाळ्यात ती पायाला गार लागते हे खरंच आहे. पण आषाढात ओल धरते, उंदीर पोखरतात, सांडलेलं पाणी जिरून चिखल होतो आणि रांगतं लेकरू त्यातलंच उचलून तोंडात घालतं. कौतुक करणाऱ्यांनी एक पावसाळा सारवून बघावं.

मग दगड आला, आणि तो आला रेल्वेनं. मुंबईहून सोलापूरपर्यंत गाडी १८६० साली पोचली होती, पुढं रायचूरपर्यंतचा मार्ग १८७१ साली पुरा झाला. त्याच वाटेवर शहाबाद. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं, आज कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथला चुनखडीचा दगड थरांचा आहे, छिन्नी लावली की पापुद्र्यासारखी सपाट लादी सुटते. दगड जड, बैलगाडीनं लांब न्यायला परवडणारा नाही. रूळ झाले आणि शहाबादी फरशी वाड्यांत, चाळींत, पुढं गावच्या स्वयंपाकघरांतही शिरली. सारवण सुटलं. पाटा-वरवंटा आपटला तरी ती सोसते, ओला पाय तिच्यावर सहसा घसरत नाही. तिचं एक मात्र लक्षात ठेवा: चुनखडी आंबटाला भिते. लिंबू, चिंच, आमसूल सांडून राहिलं की पांढरा डाग पडतो आणि संडास धुवायच्या ॲसिडनं तर ती खराबच होते. कोट्याची फरशी राजस्थानची, पण तीही चुनखडीचीच, तिलाही हाच नियम.

चुनखडीपासूनच सिमेंट होतं. शहाबादला त्याचाही कारखाना निघाला. सिमेंट आलं तसा घोटलेला कोबा आला, कुणी त्यात लाल रंग घालून घेतला. नक्षीच्या सिमेंटी लाद्या आधी परदेशातून यायच्या. १९२२ साली मुंबईत फेरोजशा सिधवा यांनी स्वदेशी म्हणून त्या बनवायला घेतल्या. त्या बहुतेक शहरातल्या घरांत गेल्या, आपल्यापर्यंत कोबाच आला. स्वस्तात चांगला तोच. भेगा पडतात त्या बहुतेक घाईमुळे. आठवडाभर पाणी मारून ओला ठेवला तर पुष्कळ टिकतो.

आणि आता टाइल. गुजरातेत मोरबीला तिचे शेकडो कारखाने आहेत. आपले गवंडी अजून कुठल्याही चकचकीत टाइलला स्पार्टेक म्हणतात, ते खरं तर एका कंपनीचं नाव. टाइलवर हळदीचा डाग राहत नाही, आंबटाचं भय नाही. दुकानात मात्र आधी दाखवतात ती आरसा दिसेल अशी. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी तसलीच बसली, घरातल्या पुरुषांनी पसंत केलेली. फोडणीचं तेल उडालं, त्यावर पाणी, आणि सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. फरशीच्या खर्चाहून दवाखान्याचा खर्च मोठा झाला.

खरा फरक इथं आहे. पूर्वी भुई बाईच्या हातची होती, कष्ट तिचे तशी पारखही तिची. फरशी विकतची झाली तेव्हा कष्ट कमी झाले, आणि निवड दुकानात गेली, जिथं आपण जात नाही. म्हणून आमच्या गटांनी ठरवलं आहे: फरशीचं कर्ज जिच्या नावावर, ती स्वतः दुकानात जाणार. जाताना बाटलीभर पाणी न्यायचं, नमुन्याच्या टाइलवर ओतायचं, चप्पल काढून पाय घासून बघायचा. खरखरीत, म्हणजे मॅट, मागायची. भिंतीची टाइल स्वस्त पडते म्हणून जमिनीला घालायची नाही, ती पातळ असते, तडकते. ज्या अजून खाली बसून भाकरी थापतात, त्यांनी शहाबादी किंवा कोट्याचा विचार आधी करावा. आठ बाय दहाच्या खोलीला ८० चौरस फूट लागतात, तुटफुटीला दहावा हिस्सा धरून ८८ घ्यावी. आणि गवंडी सांधे भरायच्या आधी दोन तांबे पाणी ओतून बघावं, ते मोरीकडे जातं की चुलीकडे.