आमच्या वतीने बोलणार कोण?

१९८२च्या गिरणी संपाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. थोड्या पगारवाढीसाठी नोकरीच घालवून बसायचं, हा कुठला शहाणपणा? १८ जानेवारी १९८२ला मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो लोकांना पुन्हा गिरणीचं गेट दिसलं नाही. रुपयांत हिशेब मांडला तर तोटाच निघतो. पण मागणी फक्त रुपयांची होती का?

त्यासाठी जरा मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीत काम मिळायचं ते जॉबरच्या मर्जीवर. रोज सकाळी गेटवर ‘बदली’ कामगारांची गर्दी असायची. कायम कामगार गैरहजर असला तर याला काम, नाहीतर परत खोलीवर. अशा माणसाने एकट्याने तक्रार केली, तर उद्या त्याच्या जागी दुसरा उभा. एकाला बदलता येतं, अख्ख्या खात्याला बदलता येत नाही. कामगार युनियनमध्ये जातो तो या साध्या गणितामुळे.

१९२८ साली मालकांनी कमी माणसांत जास्त काम काढायची योजना आणली. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवायचे. एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. याच संपात गिरणी कामगार युनियन जन्मली आणि वर्ष संपेपर्यंत तिचे सभासद ५० हजारांच्या वर गेले. संपाने इथे युनियन घडवली, उलटं नाही. सहा महिने एकत्र उपाशी राहिलेल्या माणसांना वर्गणीचं महत्त्व सांगावं लागत नाही.

पण हे ‘एकत्र’ सगळ्यांना धरून होतं का? साचे खात्यात पगार चांगला, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालायला लावली. युनियन कोणाच्या वतीने बोलते, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला.

दहा वर्षांनी हेच आंबेडकर आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांशी न पटणारे, एका व्यासपीठावर आले. मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकात काही संप बेकायदा ठरणार होते. ७ नोव्हेंबर १९३८ला त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे, अशी आंबेडकरांची विधिमंडळातली भूमिका होती. विधेयक तरीही मंजूर झालं.

त्याच्या जागी पुढे १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्यानुसार शहरातल्या सगळ्या कापड गिरण्या मिळून एक उद्योग, आणि त्यात २५ टक्के सभासद दाखवणारी एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना. वाटाघाटी फक्त तिच्याशी. तिने केलेला करार सगळ्यांना लागू, तुम्ही तिचे सभासद असा वा नसा. ही मान्यता काँग्रेसशी जोडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली आणि तिथेच राहिली.

१९८१च्या दिवाळीत संघाने मान्य केलेला बोनस कामगारांना पटला नाही. मग ते घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. खाणकामगारांवर उपचार करता करता कामगार पुढारी झालेला हा डॉक्टर. इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी मोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. आता मागण्या ठरल्या : पगारवाढ, बदलींना कायम करणं, घरभाडे भत्ता. आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेली एक : हा कायदा रद्द करा, आमची संघटना आम्हाला निवडू द्या. मालक म्हणाले, कायद्याने आम्ही सामंतांशी बोलूच शकत नाही. सरकारही हललं नाही.

परिणाम? दुकानांत कापड कमी पडलं नाही, भिवंडीचे यंत्रमाग चालू होते. कामगार कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेले. मुंबईत राहिलेल्यांनी उधारीवर दिवस काढले. संपामुळे गिरण्या बुडाल्या, हे अर्धंच खरं. जुन्या यंत्रांवर पैसा न घालणारे मालक आधीपासून होतेच. १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांची जमीन विकण्याची वाट मोकळी केली, आणि कापडापेक्षा जमीन महाग ठरली.

कामगारांनी मागितलेलं मतदान गिरणीत कधी झालं नाही. एक मतदान मात्र झालं. डिसेंबर १९८४, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लोकसभा निवडणूक. देशभर काँग्रेसची लाट होती. गिरणगावाचा समावेश असलेल्या दक्षिण मध्य मुंबईतून मात्र एक अपक्ष उमेदवार निवडून आला. त्याचं नाव दत्ता सामंत.