ब्रिटिश गँगस्टरपट

ब्रिटिश गँगस्टरपट हा संघटित गुन्हेगारी व टोळ्यांचे जीवन यांचे चित्रण करणारा ब्रिटिश चित्रपटसृष्टीतील एक चित्रपटप्रकार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तो आकारास आला. शहरांतील कष्टकरी वस्त्या, तेथील बोली, टापटीप पोशाख, सौजन्याआड दडलेली धमकी, काळा विनोद आणि अचानक उफाळणारी हिंसा ही त्याची ठळक लक्षणे होत. या चित्रपटांतील गुन्हेगार बहुधा शून्यातून साम्राज्य उभे करणारा नसतो. हाती असलेला टापू आणि त्यासोबत मिळालेली प्रतिष्ठा टिकवण्यासाठी तो धडपडत असतो. ब्रिटनमधील वर्गव्यवस्थेशी निगडित असलेली ही धडपड या प्रकाराच्या शैलीतील बहुतेक संकेतांच्या मुळाशी आहे.

पार्श्वभूमी

महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये अन्न, कपडे, पेट्रोल इत्यादी वस्तूंचे रेशनिंग सुरू झाले. अन्नधान्यावरील निर्बंध १९५४ पर्यंत टिकले. या टंचाईतून काळाबाजार फोफावला आणि ‘स्पिव्ह’ म्हणून ओळखला जाणारा किरकोळ काळाबाजारवाला पुढे आला. रुंद कॉलरचा सूट, भडक टाय व बारीक मिशी हा त्याचा वेश. ‘दे मेड मी अ फ्युजिटिव्ह’ (१९४७) या चित्रपटात वायुदलातून परतलेला नायक अशाच काळाबाजारवाल्यांच्या टोळीत ओढला जातो.

ग्रॅहम ग्रीन यांच्या १९३८ मधील कादंबरीवर आधारित ‘ब्रायटन रॉक’ हा या प्रकारातील पहिला महत्त्वाचा चित्रपट मानला जातो. ब्रायटन या समुद्रकाठच्या सहलीच्या गावातील वस्तरेधारी टोळ्या हा त्याचा विषय आहे. आपण दाखवत असलेले ब्रायटन महायुद्धापूर्वीचे आहे, असा खुलासा चित्रपटाच्या आरंभीच पडद्यावर येतो. गुन्हेगारीच्या चित्रणाकडे त्या काळी किती संशयाने पाहिले जाई, याची त्यावरून कल्पना येते.

१९६० च्या दशकात रॉनी व रेगी क्रे हे जुळे भाऊ पूर्व लंडनमध्ये कुप्रसिद्ध झाले. नाइट क्लब चालवणारे आणि नटनट्यांत व राजकारण्यांत वावरणारे हे भाऊ १९६५ मध्ये डेव्हिड बेली या नामवंत छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यासमोरही उभे राहिले. १९६९ मध्ये खुनाच्या आरोपाखाली दोघांना जन्मठेप झाली. गडद सूट, अरुंद टाय, आईवरील भक्ती आणि निर्घृण क्रौर्य ही त्यांची प्रतिमा पुढील अनेक चित्रपटांना नमुन्यासारखी उपयोगी पडली.

अमेरिकन गँगस्टरपटांहून वेगळेपण

‘लिटल सीझर’ (१९३१), ‘द पब्लिक एनिमी’ (१९३१) व ‘स्कारफेस’ (१९३२) या अमेरिकन चित्रपटांनी गुन्हेगाराच्या उदयास्ताचा साचा रूढ केला. तळातला तरुण धाडसाने वर चढतो आणि शेवटी कोसळतो, असा तो साचा आहे. ब्रिटिश चित्रपटांत कथा बहुधा चढण संपल्यानंतर सुरू होते. ‘द लाँग गुड फ्रायडे’ मधील हॅरॉल्ड शँड लंडनच्या गुन्हेगारी जगाचा स्वामी झालेलाच आहे. त्याला आता ओसाड गोद्यांच्या जमिनीवर इमारती उभारून प्रतिष्ठित उद्योजक म्हणून मान्यता हवी आहे. ‘लेअर केक’ मधील अनामिक नायकाला हा धंदा सोडून वेळेवर निवृत्त व्हायचे आहे, तर ‘सेक्सी बीस्ट’ चा नायक निवृत्त होऊन स्पेनमध्ये राहत आहे. तिघांनाही बाहेर पडण्याची वाट सापडत नाही किंवा ती फार महाग पडते. त्यांच्यापुढील संकटही पोलिसांकडून क्वचितच येते. जुने सहकारी, जुनी देणी किंवा आकलनापलीकडे बदललेला काळ त्यांना घेरतो.

शैलीची वैशिष्ट्ये

स्थळे: पब, मुष्टियुद्धाची तालीम, चहा-नाश्त्याचे साधे उपाहारगृह, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या चाळवजा रांगा आणि बंद पडलेल्या गोद्या ही नेहमीची स्थळे होत. ‘गेट कार्टर’ मध्ये नायक लंडनहून रेल्वेने न्यूकॅसलला, आपल्या जन्मगावी परततो आणि भावाच्या मृत्यूचा शोध घेतो. जुन्या वस्त्या पाडून उभे राहिलेले काँक्रीट आणि कोळशाच्या कचऱ्याने काळवंडलेला समुद्रकिनारा यांतून एका औद्योगिक प्रदेशाची उतरती कळा दिसते. चित्रपटात गाजलेली गेट्सहेड येथील बहुमजली पार्किंगची इमारत २०१० मध्ये पाडण्यात आली. स्पेनचा किनारा हेही एक रूढ स्थळ आहे. १९७८ ते १९८५ या काळात ब्रिटन व स्पेन यांच्यात गुन्हेगार हस्तांतरणाचा करार लागू नव्हता, त्यामुळे अनेक फरारी गुन्हेगारांनी तेथे आश्रय घेतला होता.

पोशाख व शिष्टाचार: नीटनेटका सूट, चकचकीत बूट व लांब ओव्हरकोट हा पोशाख पैशाइतकाच वर्ग बदलण्याच्या इच्छेचा निदर्शक असतो. पात्रे चहा विचारतात, आईची चौकशी करतात, स्त्रियांसमोर अपशब्द टाळतात. आवाज जितका मृदू, तितका धोका मोठा, असा अलिखित संकेत प्रेक्षकाला लवकरच उमगतो.

भाषा: टोळीला ‘फर्म’ म्हणजे पेढी, ताब्यातील भागाला ‘मॅनर’ म्हणजे जहागीर आणि खबऱ्याला ‘ग्रास’ म्हणण्याची पद्धत आहे. पहिले दोन शब्द उद्योगधंद्याच्या व जमीनदारीच्या परिभाषेतून उचललेले आहेत, हे लक्षणीय आहे. पूर्व लंडनच्या कॉकनी बोलीतील यमकी सांकेतिक भाषाही सर्रास आढळते. ‘स्टेअर्स’ (जिना) या शब्दाशी यमक जुळणारा ‘अ‍ॅपल्स अँड पेअर्स’ हा शब्दसमूह घ्यायचा आणि बोलताना यमकाचा भाग गाळून नुसते ‘अ‍ॅपल्स’ म्हणायचे, अशी तिची रीत आहे. त्यामुळे बाहेरच्याला अर्थाचा थांग लागत नाही. ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ मधील एका प्रसंगात अशा इंग्रजी संवादाला इंग्रजीच उपशीर्षके देऊन विनोद साधला आहे.

हिंसा: ब्रिटनमध्ये गस्तीवरील बहुतेक पोलिसांजवळ बंदूक नसते आणि सामान्य जीवनातही बंदुका विरळ आहेत. त्यामुळे वस्तरा, चाकू, नळी कापून आखूड केलेली बंदूक किंवा हाताशी असलेली कोणतीही वस्तू ही येथील शस्त्रे ठरतात. हिंसा दीर्घ काळ लांबवली जाते आणि मग रोजच्या व्यवहाराच्या मध्येच घडते. ‘लेअर केक’ मध्ये एक माणूस उपाहारगृहात दुसऱ्याला अमानुष मारहाण करतो. ‘द लाँग गुड फ्रायडे’ मध्ये कत्तलखान्यातील आकड्यांना प्रतिस्पर्धी उलटे टांगून त्यांची चौकशी केली जाते. ‘सेक्सी बीस्ट’ मध्ये तर बराच काळ केवळ शब्दांच्या पुनरावृत्तीतून दहशत निर्माण होते.

विनोद: या प्रकारातील विनोदाची एक परंपरा ईलिंग स्टुडिओच्या विनोदपटांकडे जाते. ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ (१९५१) मध्ये एक पापभीरू बँक कर्मचारी सोने चोरून आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृतींच्या रूपाने परदेशी धाडतो. नेटकी योजना क्षुल्लक योगायोगाने कोसळणे हे त्या परंपरेचे सूत्र गाय रिची यांनी अनेक टोळ्यांच्या गुंतागुंतीच्या कथानकांत वापरले.

स्त्रिया व कुटुंब: हे जग प्रामुख्याने पुरुषांचे आहे. तथापि काही चित्रपट या चौकटीबाहेर जातात. ‘द क्रेज’ (१९९०) मध्ये जुळ्या भावांची आई कथेच्या केंद्रस्थानी आहे. ‘द लाँग गुड फ्रायडे’ मधील व्हिक्टोरिया ही उच्चभ्रू वळणाची स्त्री असून हॅरॉल्डला ज्या समाजात प्रवेश हवा आहे, त्याची रीतभात तिलाच अवगत आहे.

छायाचित्रण व संगीत: १९७० च्या दशकातील चित्रपटांत प्रत्यक्ष स्थळी केलेले, माहितीपटासारखे चित्रीकरण दिसते. ‘गेट कार्टर’ साठी रॉय बड यांनी रचलेल्या मोजक्या वाद्यांच्या संगीतात हार्पसिकॉर्डच्या जोडीला तबला ऐकू येतो. १९९८ नंतर वेगवान संकलन, गोठवलेली चौकट, निवेदकाचा आवाज आणि लोकप्रिय गाण्यांचा वापर रूढ झाला.

अभिनेते

मायकेल केन, बॉब हॉस्किन्स व रे विन्स्टन यांची नावे या प्रकाराशी जोडली गेली आहेत. ‘ब्रायटन रॉक’ मधील कोवळ्या वयाचा खुनी पिंकी साकारणारे रिचर्ड ॲटनबरो हे पुढे ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाचे दिग्दर्शक झाले. त्यात महात्मा गांधींची भूमिका करणारे बेन किंग्जली यांनी ‘सेक्सी बीस्ट’ मध्ये डॉन लोगन हा विखारी गुंड उभा केला. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

टीका

१९९८ मधील ‘लॉक, स्टॉक’ च्या यशानंतर तशा धर्तीच्या चित्रपटांची लाट आली. हिंसेचा विनोद करणे, स्त्रियांना वगळणे व गुन्हेगारांना दिमाखदार दाखवणे असे आक्षेप त्यांवर घेतले गेले. बोली, सूट व सौजन्य ही लक्षणे पूर्वी पात्राच्या सामाजिक स्थितीतून येत असत. अनुकरणांत ती नुसती सजावट म्हणून उरली. ‘द लाँग गुड फ्रायडे’ च्या अखेरीस मोटारीत कैद झालेल्या हॅरॉल्डचा चेहरा कॅमेरा दीर्घ काळ न्याहाळतो. एकही शब्द न उच्चारता त्या चेहऱ्यावर क्रोध, अविश्वास आणि पराभवाची जाणीव उमटत जाते. गुन्ह्याची किंमत प्रेक्षकाला दिसते की केवळ त्याचा थाट, या प्रश्नावर या प्रकारातील चांगला चित्रपट आणि अनुकरण यांतील भेद ओळखता येतो.

निवडक चित्रपट

ब्रायटन रॉक (१९४७): दिग्दर्शक जॉन बोल्टिंग
गेट कार्टर (१९७१): दिग्दर्शक माइक हॉजेस
द लाँग गुड फ्रायडे (१९८०): दिग्दर्शक जॉन मॅकेंझी
मोना लिसा (१९८६): दिग्दर्शक नील जॉर्डन
द क्रेज (१९९०): दिग्दर्शक पीटर मेडाक
लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स (१९९८): दिग्दर्शक गाय रिची
सेक्सी बीस्ट (२०००): दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर
लेअर केक (२००४): दिग्दर्शक मॅथ्यू व्हॉन