लष्करातील अनुकंपा बदली : विलंबाच्या काळात काय करावे, काय टाळावे

घरी वडील आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात, आईला एकटीने त्यांना नेणे झेपत नाही आणि एकुलता एक मुलगा सीमेवरील पल्टणीत आहे. हुबळी-धारवाड परिसरातील अनेक घरांत थोड्याफार फरकाने हेच चित्र आढळते. अशा वेळी जवान अनुकंपा बदलीचा, म्हणजेच पल्टणीच्या बोलीत ‘कम्पॅशनेट पोस्टिंग’चा अर्ज करतो. पुढे महिने उलटतात आणि उत्तर येत नाही. या प्रतीक्षेतच काही जवान अशी पावले उचलतात, की मूळ अडचणीपेक्षा तीच अधिक महाग पडतात. म्हणून अर्ज कोठे व का अडतो आणि दरम्यान कोणते मार्ग खुले असतात, हे जवानाने व त्याच्या कुटुंबाने आधीच जाणून घ्यावे.

निर्णय कोणाच्या हाती?

अनुकंपा बदली हा हक्क नव्हे. सेवेची गरज सांभाळून, ठरावीक मुदतीपुरती दिलेली ती सवलत आहे. अर्ज तुकडीच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत पुढे जातो. जवान व कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांच्या नेमणुका त्यांच्या रेजिमेंटचे किंवा कोअरचे रेकॉर्ड ऑफिस पाहते, तर अधिकाऱ्यांच्या नेमणुका दिल्लीतील सेना मुख्यालयाची मिलिटरी सेक्रेटरी शाखा पाहते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, म्हणजे धारवाडपासून दीड तासाच्या अंतरावर आहे. तोफखान्याचे मात्र नाशिक रोडला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला आणि आर्मी मेडिकल कोअरचे लखनौला आहे. त्यामुळे ‘बेळगावला जाऊन चौकशी करा’ हा शेजाऱ्याचा सल्ला प्रत्येक जवानाला लागू पडत नाही.

अर्ज अडतो कोठे?

पहिले कारण जागेचे. जवानाला त्याच्या हुद्द्याची व कामाची मोकळी जागा असेल तेथेच पाठवता येते. हुबळी-धारवाडला मोठी छावणी नाही. येथे एनसीसीची पथके आहेत, पण त्यांतील लष्करी जागा मोजक्याच असतात. म्हणून मराठा पल्टणीतील जवानासाठी प्रत्यक्षातले पर्याय बेळगावचे रेजिमेंटल सेंटर, कोल्हापूरची प्रादेशिक सेनेची मराठा पल्टण किंवा जवळपासचे एनसीसी पथक एवढेच उरतात. अर्जात केवळ धारवाडचा आग्रह धरणाऱ्याची वाट लांबते. बेळगाव, कोल्हापूर, गोवा, पुणे असे तीन-चार पर्याय पसंतीक्रमाने दिल्यास रेकॉर्ड ऑफिसला मार्ग काढणे सोपे जाते.

दुसरे कारण पडताळणीचे. अर्जातील कौटुंबिक परिस्थिती खरी आहे का, याची खातरजमा जिल्हा प्रशासन किंवा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत केली जाते. हे पत्र तहसील कार्यालयातून गावापर्यंत जाते व त्याच वाटेने परत येते. यात अनेक आठवडे जातात, आणि कित्येकदा पल्टणीला उशिराचे कारणच कळत नाही. या टप्प्यावर कुटुंबाला खरोखर काही करता येते. पत्राचा जावक क्रमांक व दिनांक जवानाकडून मागवून घ्यावा आणि ते पत्र कोणत्या टेबलावर आहे, याची स्थानिक कार्यालयात नम्रपणे चौकशी करावी.

तिसरे कारण कागदांचे. धारवाड जिल्ह्यातील महसुली दाखले कन्नडमध्ये असतात. जबलपूर किंवा लखनौच्या कारकुनाला ते वाचता येत नाहीत. प्रत्येक दाखल्यासोबत इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर साक्षांकित करून जोडावे. वैद्यकीय दाखला शक्यतो सरकारी रुग्णालयाचा असावा. हुबळीचे किम्स, धारवाडचे जिल्हा रुग्णालय आणि मानसिक आजारांसाठी धारवाडचीच डिमहान्स ही संस्था जवळ आहे. दाखल्यात केवळ आजाराचे नाव पुरत नाही. उपचार किती काळ चालतील, रुग्णाला दुसऱ्याच्या आधाराची किती गरज आहे आणि घरात आधार देणारे अन्य कोणी आहे का, हे स्पष्ट असावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर न देणारा अर्ज हमखास शंका घेऊन परत येतो. भाऊ-बहीण असतील, तर ते कोठे राहतात व जबाबदारी का घेऊ शकत नाहीत, तेही लिहावे.

अर्ज लांबला, तर दाखलाही जुना होतो. दर तीन महिन्यांनी नवा वैद्यकीय अहवाल पूरक पत्रासोबत पाठवावा. प्रकृतीत बदल झाला, शस्त्रक्रिया ठरली किंवा घरात मृत्यू झाला, तर ते लगेच कळवावे.

दरम्यानच्या काळासाठी रजा

बदली होईपर्यंतचा पूल म्हणजे रजा. जवानांना सर्वसाधारणपणे वर्षाला ६० दिवसांची वार्षिक व ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. अग्निवीरांना वर्षाला ३० दिवस मिळतात. रजा सेवेच्या सोयीनुसार मिळते, हे खरे. तरीही शस्त्रक्रियेची तारीख किंवा उपचारांचे वेळापत्रक आधी कळवल्यास तुकडीला रजेचे नियोजन करता येते. सगळी रजा एकदम न वापरता ती उपचारांच्या टप्प्यांप्रमाणे विभागावी.

रजेवर असताना मुदतवाढ हवी असेल, तर मुदत संपण्यापूर्वी तुकडीकडे लेखी मागणी करावी. मंजुरी हाती नसेल, तर ठरलेल्या दिवशी हजर व्हावे. रजेवर जवान स्वतःच आजारी पडला, तर जवळच्या लष्करी रुग्णालयाला व तुकडीला तत्काळ कळवावे. हुबळी-धारवाडकरांसाठी असे रुग्णालय बेळगावला आहे.

सर्वांत मोठी चूक : परत न जाणे

‘अर्जाला उत्तर नाही, मग मीही जात नाही’ हा विचार घातक आहे. पुरेशा कारणाविना रजेपेक्षा अधिक काळ राहणे हा सेना अधिनियम १९५०च्या कलम ३९नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. विनापरवाना अनुपस्थिती ३० दिवसांवर गेली, की कलम १०६नुसार चौकशी न्यायालय बसते. त्यानंतर अनुकंपेचा अर्ज मागे पडतो आणि शिस्तभंगाचे प्रकरण पुढे येते.

दुसरी चूक घाईने सेवामुक्ती मागण्याची. जवानाला निवृत्तिवेतनासाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते. बारा-तेरा वर्षांनंतर स्वेच्छेने बाहेर पडणारा जवान ज्या आईवडिलांसाठी घरी येतो, त्यांच्याच औषधोपचाराचा आधार गमावून बसतो. अखेरचा उपाय म्हणूनच या पर्यायाकडे पाहावे, तेही पल्टणीकडून आर्थिक परिणाम लेखी समजून घेतल्यावर.

तिसरी चूक बाहेरून दबाव आणण्याची. लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र सेवानियमांत बसत नाही आणि ते जवानाच्या विरोधात जाऊ शकते. समाजमाध्यमांवर चित्रफीत टाकण्याचेही तेच. जानेवारी २०१७मध्ये अशा चित्रफितींची चर्चा देशभर झाली, तेव्हा तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी तक्रारी समाजमाध्यमांवर न मांडता लष्करी यंत्रणेतच मांडण्यास सांगून मुख्यालयांत तक्रारपेट्या ठेवण्याची घोषणा केली होती.

दाद मागण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी कमांडिंग ऑफिसरची प्रत्यक्ष भेट. ही भेट मागता येते आणि तिची नोंद होते. त्यानंतर लेखी स्मरणपत्र द्यावे. अर्जाची तारीख, पुढे पाठविल्याचा क्रमांक आणि जोडलेल्या कागदांची यादी त्यात असावी. अन्याय झाल्याची भावना कायम राहिली, तर कलम २६नुसार जवानाला आणि कलम २७नुसार अधिकाऱ्याला वरिष्ठांकडे वैधानिक तक्रार करता येते.

माहितीचा अधिकार कायदा, २००५ लष्करालाही लागू आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज केल्यास ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. ‘बदली का होत नाही’ असे विचारण्यापेक्षा अर्ज सध्या कोणत्या कार्यालयात आहे, तेथे कधी पोहोचला, कोणती त्रुटी काढली आणि शेरे कोणते, यांच्या प्रती मागाव्यात. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ यांसारखी निमलष्करी दले मात्र गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाची प्रकरणे वगळता कलम २४नुसार ती या कायद्यातून वगळलेली आहेत.

न्यायालयाचा मार्ग अरुंद आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, २००७मधील ‘सेवाविषयक बाबी’च्या व्याख्येतून बदल्या, नेमणुका व रजा वगळल्या आहेत. त्यामुळे उरतो तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६खाली उच्च न्यायालयाचा. कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ २०१३पासून कायमस्वरूपी झाले आहे आणि गोव्यातील कुटुंबांसाठी पर्वरीचे खंडपीठ आहे. मात्र प्रकरण कोणत्या न्यायालयाच्या कक्षेत येते, हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावे. मेजर जनरल जे. के. बन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले, की सशस्त्र दलांतील बदल्यांबाबत न्यायालयीन हस्तक्षेपाला नागरी सेवेपेक्षाही कमी वाव आहे. म्हणून ‘बदली द्या’ अशा मागणीपेक्षा ‘प्रलंबित अर्जावर ठराविक मुदतीत निर्णय घ्या’ ही मर्यादित मागणी अधिक व्यवहार्य ठरते.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हुबळी हे दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय. एकाच घरात एक भाऊ रेल्वेत आणि दुसरा लष्करात असे येथे सहज आढळते. दिव्यांग अपत्याचा सांभाळ करणाऱ्या केंद्रीय नागरी कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट देणारा आदेश ६ जून २०१४ रोजी निघाला. तो नागरी सेवेसाठी आहे. लष्करी भावाला तो आधार म्हणून दाखवता येत नाही. त्याने आपल्या सेवेच्या धोरणानुसारच अर्ज करावा.

घरच्यांसाठी

जवानाला दररोज फोनवर ‘काय झाले बदलीचे?’ असे विचारल्याने फाइल हलत नाही, त्याची झोप मात्र उडते. सर्व कागदांची एक फाइल घरी ठेवावी, पाठपुरावा एकाच व्यक्तीने करावा आणि प्रत्येक भेटीची तारीख वहीत नोंदवावी. तणाव असह्य होत असेल, तर जवान व कुटुंबीय दोघांनाही १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

बदलीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती असला, तरी कागद ताजे ठेवणे, रजा जपून वापरणे आणि वेळेवर हजर होणे या तीन गोष्टी जवानाच्या स्वतःच्या हाती आहेत. जागा मोकळी होते, तेव्हा पूर्ण कागदपत्रांचा आणि निष्कलंक नोंदीचा अर्जच आधी विचारात घेता येतो.