शेवटच्या कडव्यातले नाव

वामनदादा कर्डकांची गाणी किती, या प्रश्नाचे एक उत्तर मिळत नाही. कोणी काही हजार म्हणते, कोणी दहा हजारांच्या पलीकडे जाते. अभ्यासकांना हा घोळ खटकतो, पण त्या घोळातच वामनदादांच्या काव्याचे मर्म सापडते. त्यांनी पहिले गाणे केले १९४३ मध्ये आणि ‘वाटचाल’ हा संग्रह आला १९७३ मध्ये. मधली तीस वर्षे हा कवी पुस्तकावाचून कवी होता. गाणी वस्त्यांमधून, चाळींमधून, जयंतीच्या मंडपांतून फिरत होती आणि त्यांची मोजदाद करणारी वही कोणापाशीच नव्हती. कागदाच्या आधाराशिवाय टिकेल अशी कविता त्यांनी घडवली. तिचे मोजमापही त्याच कसोटीवर व्हायला हवे.

त्यांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. पोटासाठी मुंबईला आले, गिरणीत राबले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता येईना, ही त्यांच्या चरित्रातली हकिगत अनेकांनी लिहिली आहे. त्यानंतर देहलवी नावाच्या शिक्षकाकडून ते अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरांपर्यंत पोचले. ही कथा सहसा जिद्दीचा धडा म्हणून सांगितली जाते. मला तिचा दुसराच उपयोग दिसतो. ज्याचे विशीपर्यंतचे आयुष्य अक्षराविना गेले, त्याला न वाचणारा माणूस एखादी गोष्ट ध्यानात कशी ठेवतो हे कोणी शिकवावे लागत नाही. पुढे लिहिता येऊ लागले तरी त्यांची रचना ऐकणाऱ्याच्या सोयीचीच राहिली. ध्रुपद लहान, यमक ठसठशीत आणि कडव्याच्या शेवटी ध्रुपदावर परत येणारी अशी वाट, की झीलकऱ्यांसोबत समोरचा जमावही तो शब्द उचलतो.

या रचनेमागे एक परंपरा होती. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारातून पुढे जलसे उभे राहिले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आशय बदलला. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाने नाशिक जिल्हा ढवळून निघाला. त्या दशकात आंबेडकरी जलसे रंगू लागले, गणातला गणपती गेला आणि बतावणीत सावकार, भटजी, शाळेत न जाणारे पोर असे विषय आले. या जलशांचे एक प्रमुख कलावंत भीमराव कर्डक. त्यांचे आणि वामनदादांचे आडनाव एकच, त्यामुळे दोघांची गल्लत अजूनही होते. दोघांमधला फरक मात्र मोठा आहे. जलशाला फड लागतो, सोंगे लागतात, पाठ केलेले संवाद लागतात. गाण्याला एक पेटी, एक ढोलकी आणि दोन गळे पुरतात, आणि तेवढ्याने न भागलेच तर नुसत्या टाळ्याही चालतात. बौद्ध धर्मांतरानंतरच्या वर्षांत वस्तीवस्तीत गायन पार्ट्या उभ्या राहिल्या आणि जलशाचा भार बराचसा गाण्याने उचलला, त्यामागे हे साधे गणितही असावे.

इथे पहिला आक्षेप येतो तो उसन्या चालींचा. वामनदादांचे पहिले गाणेच एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन होते आणि पुढेही सिनेमा, कव्वाली, लोकगीत, गझल यांतून चाली येत राहिल्या. मग यात संगीतकार कुठे आहे? आक्षेप खोटा नाही, पण त्याने लावलेली फूटपट्टी चुकीची आहे. नोटेशन वाचणारे कोणी नाही, ध्वनिमुद्रणाला पैसा नाही, अशा ठिकाणी नवी चाल पोचवायची म्हणजे प्रत्येक गावी जाऊन शिकवायची. ओळखीची चाल आधीच गावात पोचलेली असते. तिच्यावर नवे शब्द बसवले की ते एका रात्रीत पाठ होतात. कीर्तनकाराने आणि लावणीकाराने हेच केले, तेव्हा त्याला परंपरा म्हटले गेले. मात्र हेही कबूल करायला हवे की या सोयीपायी काही गाणी घाईची झाली. केवळ मीटर भरायला आलेले शब्द त्यांच्याकडे सापडतात आणि सगळी गाणी सारख्या तोलाची आहेत असे म्हणणे हा भक्तीचा प्रकार होईल.

भक्तीचा विषय निघाला म्हणून दुसरा आक्षेप, आणि तो जास्त गंभीर आहे. देव नाकारणाऱ्या चळवळीने बाबासाहेब आंबेडकरांवरच्या भीमगीतांतून नवा देव बसवला, असे म्हटले जाते. भीमगीतांच्या बाजारात असे पुष्कळ आहे, हे खरे. पण वामनदादांची सर्वांत गाजलेली गाणी याच्या उलट साक्ष देतात. एका गाण्यात ते मोठ्या उद्योगपती घराण्यांची नावे घेऊन संपत्तीच्या साठ्यात आपला वाटा कुठे आहे, असे रोखठोक विचारतात. दुसऱ्यात बाबासाहेबांनाच उद्देशून बोलताना त्यांचे सगळे लक्ष अनुयायांवर आहे. तुमच्या मताला खरेच धरून राहणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जरी असते, तरी चित्र वेगळे दिसले असते, असा त्याचा रोख. आरतीत असा हिशेब मागितला जात नाही. शिवाय हे गाणे जयंतीच्या मंडपात, ज्यांच्यावर टीका आहे त्यांच्याच वर्गणीतून, त्यांच्याच टाळ्यांत गायले जाते. नेत्यांच्या फाटाफुटीवर इतके थेट बोलायची मुभा समाजाने आपल्या गायकाला दिली, ही या परंपरेची दुर्लक्षित बाजू आहे.

राहिला कर्तृत्वाचा प्रश्न. मुखोद्गत साहित्यात गायक लक्षात राहतो आणि कवी पुसला जातो. पुढे कॅसेटचा धंदा आला तेव्हा गळ्याचे मोल आणखी वाढले. वामनदादांनी यावर जुनाच उपाय वापरला, शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव. संतांच्या अभंगात, शाहिराच्या लावणीत, शायराच्या गझलेत ही मुद्रा असतेच, म्हणून तिला सवयीची सही समजून पुढे जाता येईल. परंतु अभंगातली मुद्रा बहुधा देवासमोर उभी असते. वामनदादांचा वामन जमावात उभा राहून बोलतो, सांगतो, कधी स्वतःलाही धारेवर धरतो. शिवाय हे नाव यमकात नि मात्रांत असे बसवलेले असते, की ते काढले तर ओळ लंगडी पडते. छापील हक्क नसलेल्या माणसाने छंदातच आपली मालकी नोंदवून ठेवली.

२००४ मध्ये वामनदादा गेले. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर गाण्यांच्या स्वस्त पुस्तिका अजूनही विकल्या जातात आणि कवीचे नाव मुखपृष्ठावर नसले तरी ओळींत सापडते. गाणे पूर्ण गायले गेले, एवढी एकच अट असते. गायकाने वेळ कमी म्हणून शेवटचे कडवे सोडले, तर त्या रात्रीपुरते ते गाणे निनावी होते.