शब्दवेध : डोंगरीची डंगरी

नागपूरच्या सीताबर्डीवर लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात ‘डंगरी’ मागितली, की छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट समोर येते. इंग्रजी वाटणारा हा शब्द मुळात आपल्याच मातीतला. डोंगर, त्यावरून डोंगरी. मुंबईतली डोंगरी तीच. तिथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला गावाचेच नाव पडले, असे कोशकार मानतात. सतराव्या शतकाच्या आरंभी ते इंग्रजीत पोहोचले. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून या कापडाची शिडे झाली, तंबू झाले, गरिबांचे कपडे झाले. एकोणिसाव्या शतकात कापडाचे नाव त्याच्या विजारीला लागले आणि ‘डंगरीज’ हे खलाशांचे, कामगारांचे वस्त्र ठरले.

कापडांना गावांची नावे मिळतातच. फ्रान्सच्या नीमवरून डेनिम, इटलीच्या जिनोव्हावरून जीन, कालिकतवरून कॅलिको. वऱ्हाडचा कापूस आणि १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल पाहिलेल्या नागपूरकरांनी या यादीत डोंगरीचे नाव अभिमानाने घ्यावे. इंग्रजी कोशातला हा शब्द इथल्या विणकरांच्या श्रमाची नोंद आहे.