लॅपटॉपच्या बॅटरीची साठवणूक

लॅपटॉपच्या बॅटरीची साठवणूक म्हणजे दीर्घकाळ बंद असलेल्या किंवा क्वचितच वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपमधील लिथियम-आयन बॅटरीची क्षमता टिकून राहावी यासाठी घ्यावयाची काळजी होय. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते, तशीच ती न वापरताही झिजते. या दुसऱ्या प्रकारच्या झिजेचा वेग मुख्यतः बॅटरीतील चार्जच्या पातळीवर आणि सभोवतालच्या तापमानावर ठरतो. त्यामुळे पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी अर्ध्या चार्जने ठेवलेल्या बॅटरीपेक्षा लवकर क्षीण होते. पूर्ण रिकामी करून ठेवलेली बॅटरी तर काही महिन्यांनी चार्जच होईनाशी होण्याची शक्यता असते.

पार्श्वभूमी

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी या जपानी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. त्याआधीच्या लॅपटॉपमध्ये निकेल-कॅडमियम व निकेल-मेटल हायड्राइड या प्रकारच्या बॅटऱ्या असत. निकेल-कॅडमियम बॅटरी अर्धवट रिकामी करून वारंवार चार्ज केल्यास तिची उपयुक्त क्षमता घटल्यासारखी होई. यास ‘स्मृती परिणाम’ म्हणतात. बॅटरी अधूनमधून पूर्ण रिकामी करावी हा सल्ला त्या काळचा असून, बॅटरीचा प्रकार बदलल्यानंतरही तो प्रचारात राहिला. लिथियम-आयन बॅटरीला त्याने लाभ होत नाही. उर्वरित चार्जचा आकडा चुकीचा दिसू लागल्यास एकदा पूर्ण चार्ज करून पूर्ण उतरवण्यास सांगितले जाते. परंतु त्याने केवळ मापन सुधारते, बॅटरीची झीज भरून येत नाही.

न वापरता होणारी झीज

लॅपटॉपच्या बॅटरीत अनेक सेल एकमेकांना जोडलेले असतात. सामान्यतः प्रत्येक सेलमध्ये लिथियमयुक्त धातू-ऑक्साइडचे धन अग्र व ग्राफाइटचे ऋण अग्र असून, दोहोंमध्ये इलेक्ट्रोलाइट नावाचे सेंद्रिय द्रावण असते. पूर्ण चार्ज असताना अशा सेलचा विद्युतदाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो, तर तो ३ व्होल्टच्या आसपास उतरला की सेल रिकामा समजला जातो.

पहिल्या चार्जिंगच्या वेळीच ग्राफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून एक अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर संरक्षक असतो. तो नसता तर विघटन चालूच राहिले असते. मात्र तो पूर्णतः अभेद्य नसल्याने अत्यंत मंद गतीने जाड होत जातो आणि त्यात अडकलेले लिथियम कायमचे निकामी होते. लॅपटॉप बंद असला तरी ही प्रक्रिया थांबत नाही. चार्जची पातळी जितकी अधिक, तितके ग्राफाइट इलेक्ट्रोलाइटशी अधिक क्रियाशील असते. त्याच वेळी धन अग्राकडे वाढलेल्या विद्युतदाबामुळे इलेक्ट्रोलाइटचे ऑक्सिडीभवन होऊ लागते. उष्णता या दोन्ही अभिक्रियांना वेग देते.

आयसिडोर बुकमन यांनी सुरू केलेल्या ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या माहितीस्रोतात यासंबंधीचा एक बहुचर्चित तक्ता आहे. एक वर्ष साठवणुकीनंतर चार्ज करून मिळवता येणाऱ्या क्षमतेचे अंदाज त्यात दिले आहेत. ४० टक्के चार्जने ठेवलेल्या बॅटरीत ० अंश सेल्सियसला ९८ टक्के, २५ अंशांना ९६ टक्के व ४० अंशांना ८५ टक्के क्षमता उरते. पूर्ण चार्जने ठेवल्यास हेच आकडे अनुक्रमे ९४, ८० व ६५ टक्के होतात. ६० अंशांना पूर्ण चार्जने ठेवलेली बॅटरी तर तीन महिन्यांतच ६० टक्क्यांवर येते. या तक्त्यानुसार ४० अंशांच्या खोलीत ४० टक्के चार्जने ठेवलेली बॅटरी, २५ अंशांच्या खोलीत पूर्ण चार्जने ठेवलेल्या बॅटरीपेक्षा अधिक क्षमता राखते. थंड जागा मिळाली नाही तरी चार्जची पातळी योग्य ठेवणे वापरकर्त्याच्या हातात असते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. सेलच्या रासायनिक घडणीनुसार प्रत्यक्ष आकडे बदलतात, परंतु त्यांचा कल बहुतांशी हाच असतो.

साठवणुकीत चार्ज आपोआप थोडा उतरतो, त्यास स्वविसर्जन म्हणतात. हा उतरलेला चार्ज पुन्हा भरता येतो. वर वर्णिलेली क्षमतेतील घट मात्र भरून येत नाही.

पूर्ण रिकामी होण्याचा धोका

बंद केलेला लॅपटॉपही किंचित वीज घेत राहतो. बॅटरीतील संरक्षक परिपथ व मदरबोर्डवरील नियंत्रक यांना ती लागते. केवळ झाकण मिटून ‘स्लीप’ अवस्थेत ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये ही गळती कितीतरी अधिक असते व काही दिवसांत बॅटरी संपू शकते. पडद्यावर शून्य टक्के दिसत असताना सेलमध्ये थोडा राखीव चार्ज शिल्लक असतो, पण महिनोन्‌महिने ठेवल्यास तोही संपतो. विद्युतदाब ठरावीक मर्यादेखाली गेल्यावर संरक्षक परिपथ बॅटरीचा संबंध तोडतो आणि चार्जर लावूनही ती प्रतिसाद देत नाही. सेल सुमारे २ व्होल्टच्या खाली दीर्घकाळ राहिल्यास ऋण अग्रामागील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. हे तांबे पुढील चार्जिंगच्या वेळी भलत्या जागी साचून सेलमध्ये अंतर्गत शॉर्ट सर्किट होण्याची भीती असते. त्यामुळे अशी बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात बाहेरून वीज देऊन ‘जागी’ करणे सुरक्षित नाही.

साठवणुकीची पद्धत

साधारणतः ४० ते ६० टक्के चार्ज योग्य मानला जातो. ॲपल आपल्या उपकरणांसाठी सुमारे ५० टक्के चार्ज, उपकरण पूर्ण बंद करणे, ३२ अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानाची कोरडी जागा आणि सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असल्यास दर सहा महिन्यांनी पुन्हा ५० टक्के चार्ज करणे अशी सूचना देते. बॅटरी जुनी असल्यास किंवा जागा उष्ण असल्यास दर दोन-तीन महिन्यांनी पाहणी करणे श्रेयस्कर ठरते. लॅपटॉप ‘शट डाउन’ करून चार्जरपासून वेगळा ठेवला जातो. काही थिंकपॅड लॅपटॉपच्या बायोसमध्ये अंतर्गत बॅटरी तात्पुरती खंडित करण्याची सोय असून, चार्जर जोडताच ती पुन्हा कार्यान्वित होते. जुन्या लॅपटॉपमधील सुटी होणारी बॅटरी काढून वेगळी ठेवता येते; तेव्हा तिची टोके किल्ल्या, नाणी अशा धातूच्या वस्तूंना लागणार नाहीत हे पाहावे लागते.

विमानाने पाठवल्या जाणाऱ्या मालात सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा चार्ज ३० टक्क्यांहून अधिक नसावा, असा आंतरराष्ट्रीय नियम एप्रिल २०१६ पासून लागू आहे. त्याचे कारण मात्र टिकाऊपणा नसून आगीचा धोका हे आहे.

टेबलावर कायम चार्जरला जोडलेला आणि बॅटरीवर क्वचितच चालवलेला लॅपटॉप हाही याच प्रश्नाचा एक प्रकार आहे. येथे बॅटरी पूर्ण चार्जने राहते आणि यंत्राच्या उष्णतेने तापतही राहते. यावर उपाय म्हणून लेनोव्हो, डेल, एचपी, असुस इत्यादी कंपन्यांच्या अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. ॲपलने २०२० मध्ये मॅकओएस १०.१५.५ या आवृत्तीत बॅटरीच्या आरोग्याचे व्यवस्थापन करणारी सुविधा आणली.

उष्णता आणि दमटपणा

विदर्भात उन्हाळ्यात कमाल तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. पत्र्याच्या छपराखालील माळा, गच्चीला लागून असलेली बंद खोली किंवा उन्हात उभी केलेली मोटार यांतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही अधिक असते. अशा ठिकाणी खालच्या मजल्यावरील, भिंतीला ऊन न लागणाऱ्या खोलीतील कपाट अधिक योग्य असते. कोकण व गोव्यात पावसाळ्यातील दमट हवेचा त्रास सेलपेक्षा जोडण्या व मदरबोर्ड यांना जास्त होतो; त्यासाठी बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या जातात. लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवणे टाळावे, कारण बाहेर काढल्यावर थंड भागांवर पाण्याचे थेंब साचतात.

क्षमतेची तपासणी

विंडोज प्रणालीतील बॅटरी अहवालात मूळ क्षमता व सध्याची पूर्ण चार्ज क्षमता हे दोन आकडे मिळतात. त्यांच्या गुणोत्तरावरून झिजेचा अंदाज येतो. मॅकबुकमध्ये चार्जिंगच्या आवर्तनांची संख्याही दिसते व अलीकडील बहुतेक मॅकबुकसाठी ही मर्यादा १,००० आवर्तने आहे. क्वचित वापरलेल्या लॅपटॉपबाबत मात्र ही संख्या फसवी ठरू शकते. पाच वर्षे पूर्ण चार्जने पडून राहिलेल्या लॅपटॉपची आवर्तने मोजकीच असतात, तरी क्षमता बरीच घटलेली असू शकते. वापरलेला लॅपटॉप विकत घेताना ‘फारसा वापरलेला नाही’ या विधानापेक्षा सध्याच्या क्षमतेचा आकडा अधिक विश्वसनीय असतो.

फुगलेली बॅटरी

इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून वायू निर्माण झाल्यास पातळ पाकिटासारख्या आवरणाचे सेल फुगतात. टचपॅड वर उचलले जाणे किंवा घट्ट होणे, झाकण नीट न मिटणे, लॅपटॉप सपाट टेबलावर डगमगणे ही त्याची लक्षणे होत. दीर्घकाळ पडून असलेला लॅपटॉप चार्जरला लावण्यापूर्वी ती तपासावीत. फुगलेली बॅटरी चार्ज करणे, दाबणे किंवा टोचून वायू काढणे धोकादायक असते. तिला आग लागू शकते. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्चक्रण यांची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकाने अशी बॅटरी घरगुती कचऱ्यात न मिसळता अधिकृत संकलन किंवा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावयाची असते.