शब्दवेध : आर्क्टुरस

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय याने १८१७ साली एका कवचधारी गणाला ‘आयसोपोडा’ हे नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘आयसोस’ म्हणजे समान, ‘पोडोस’ म्हणजे पायाचा. पायांच्या सात जोड्या, सगळ्या सारख्याच! ध्रुवीय समुद्राच्या तळाशी मात्र हे नाव तोंडघशी पडतं. तिथला याच गणातला काडीसारखा आर्क्टुरस मागच्या पायांनी स्पंजाला घट्ट धरून बसतो आणि पुढच्या केसाळ पायांनी पाण्यातलं अन्न गाळतो. कसली आली समानता?

‘आर्क्टोस’ म्हणजे अस्वल. आर्क्टिकही त्यातूनच आलं. आर्क्टुरस म्हणजे अस्वलाचा राखणदार, आकाशातला आपला स्वाती. या काडीसारख्या प्राण्याच्या दक्षिणेतल्या भाऊबंदांना १९०२ मध्ये नाव मिळालं ‘अँटार्क्टुरस’. अंटार्क्टिकात राखायला अस्वल नाही, तरी राखणदार आहे.